दोन बेटे, दोन टांकसाळी आणि नाण्याची पत

मराठवाड्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत असत. हाली म्हणजे निजाम सरकारचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजी टांकसाळीतून यंत्रावर पाडलेला रुपया. दोन्ही चांदीचे, दोन्ही दिसावयास गोल व गोजिरे. परंतु सात हाली दिल्यावर सहा कलदार हाती येत. बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. ज्याला तो येत नसे, त्याचे नुकसान ठरलेलेच. एकाच मुलखात दोन नाणी चालत असतील, तर त्यांतील फरकाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, याचा हा आपल्या परिचयाचा दाखला होय.

हा प्रश्न नवा नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील दोन लहान बेटांवरून नाणी निघत होती. एक मुंबई आणि दुसरे जंजिरा. एकावर इंग्रजांची सत्ता होती, दुसऱ्यावर सिद्दींची. दोन्ही बेटे क्षेत्रफळाने लहान. परंतु त्यांच्या नाण्यांनी दिल्लीच्या बादशहाला, रायगडाच्या छत्रपतींना आणि पुढे कंपनी सरकारला विचार करावयास लावले. या दोन टांकसाळींची हकीकत समजून घेतल्यास नाणे म्हणजे काय आणि त्याची पत कशावर अवलंबून असते, हे स्पष्ट होते. त्याचप्रमाणे गावोगावी जमिनीत सापडणाऱ्या जुन्या नाण्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचाही उलगडा होतो.

वजन, कस आणि छाप

जुन्या काळातील चांदीच्या नाण्याला तीन अंगे होती. पहिले वजन, दुसरे कस म्हणजे धातूची शुद्धता आणि तिसरे छाप. वजन तराजूवर कळे, कस कसोटीवर कळे आणि छाप डोळ्यांना दिसे. छाप ही राजाची हमी असे. ‘या तुकड्यात इतकी चांदी आहे, ती पुन्हा तोलून पाहण्याचे कारण नाही’, असे ती छाप सांगत असे. ज्या राजाची हमी खरी ठरे, त्याचे नाणे त्याच्या सरहद्दीपलीकडेही चाले. ज्याची हमी खोटी ठरे, त्याचे नाणे त्याच्या स्वतःच्या बाजारपेठेतही सराफ परखून घेत आणि त्यावर बट्टा कापत.

‘बट्टा’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. मोगल अमलात रुपयावर बादशहाच्या कारकीर्दीचे वर्ष असे. चालू वर्षाचा ‘सिक्का’ रुपया पूर्ण किमतीला जाई. तोच रुपया जुना झाला की झीज धरून त्यावर वजावट होई. ही वजावट म्हणजेच बट्टा. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार सराफाच्या पेढीवरूनच आपल्या भाषेत आला आहे. खणखणीत नाणे, खोटे नाणे, चलनी नाणे, पारख हे शब्दही त्याच बाजारातले होत. माणसाची पत सांगण्यासाठी भाषेने नाण्याचा आधार घ्यावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आपल्या शहराचा या व्यवहाराशी निकटचा संबंध होता. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि तेथे मोगलांची टांकसाळ चालू झाली. या टांकसाळीच्या अनेक नाण्यांवर शहराचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’, म्हणजे मंगल पायाची नगरी, असे आढळते. औरंगजेबाच्या रुपयावर पूर्णचंद्राची आणि सोन्याच्या मोहरेवर सूर्याची उपमा फारसी मजकुरात योजलेली असे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे रुपये त्या काळी दूरवर चालत होते. मुंबई बेटाच्या नाण्याला तोलले जावयाचे होते ते याच मोगल रुपयाशी.

मुंबई बेटाची टांकसाळ

मुंबई हे बेट १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होते. १६६१ च्या विवाह तहाने ते इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाले. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये आला आणि १६६८ मध्ये राजाने ते वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. त्या वेळी बेटावरील व्यवहार पोर्तुगीज आणि मोगल नाण्यांत होत असे. किरकोळ देवघेवीसाठी कथिल-शिशासारख्या हलक्या धातूची बझारुक नावाची पोर्तुगीज पद्धतीची नाणी वापरात होती.

१६६९ पासून १६७७ पर्यंत गव्हर्नर असलेला जेराल्ड आँजियर याने हे बेट व्यापारी पेठ व्हावे, असा चंग बांधला. व्यापारी यावयाचे तर न्यायकचेरी हवी, संरक्षण हवे आणि विश्वासाचे नाणेही हवे, हे त्याने ओळखले होते. १६७२ मध्ये मुंबईची टांकसाळ सुरू झाली. सोन्याच्या नाण्याला ‘कॅरोलिना’, चांदीच्या नाण्याला ‘अँग्लिना’, तांब्याच्या नाण्याला ‘कॉपरून’ आणि कथलाच्या नाण्याला ‘टिनी’ अशी नावे योजण्यात आली. चांदीच्या नाण्यावर लॅटिन भाषेत कंपनीचे नाव, ‘शांती आणि वृद्धी ईश्वरापासून’ अशा अर्थाचे वचन आणि मुंबईतील इंग्रजी अमलाचे सातवे वर्ष असा उल्लेख कोरलेला होता. १६६५ हे पहिले वर्ष धरले म्हणजे सातव्या वर्षाची संगती लागते.

५ ऑक्टोबर १६७६ रोजी राजाने सनद देऊन मुंबईत रुपये, पैसे व बझारुक पाडण्याचा अधिकार कंपनीला दिला. त्यानंतरच्या रुपयावर ‘मुंबईचा रुपया’ असे शब्द आणि राजाची राजचिन्हे आढळतात. नावे बदलली तरी खरी अडचण कायम राहिली. इंग्रजी किंवा लॅटिन अक्षरे बेटाबाहेर कोणालाही वाचता येत नव्हती. कल्याण, भिवंडी, चौल येथील व्यापाऱ्याला ती छाप अपरिचित होती. बेटावर पिकत होते थोडेच. धान्यापासून कापडापर्यंत सारे काही समोरच्या मुलखातून आणावे लागे. तेव्हा नाणे मुख्य भूमीवर चालले तरच त्याचा उपयोग, अशी परिस्थिती होती.

रायगडावरील उत्तर

हीच अडचण घेऊन इंग्रज रायगडावर पोहोचले. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन हा कंपनीचा वकील म्हणून राज्याभिषेकाच्या निमित्ताने गडावर आला. त्याच्यासमवेत कंपनीचा दुभाष्या नारायण शेणवी हा होता. तहाची कलमे मांडण्यात आली. मुंबईचे नाणे शिवाजी महाराजांच्या राज्यात चलनी असावे, असे त्यांत एक कलम होते.

या कलमावर मिळालेले उत्तर अर्थव्यवहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. महाराजांच्या बाजूने असे सांगण्यात आले की, असे कलम घालण्याचे कारणच नाही. राज्यात सर्व प्रकारची नाणी चालतात. ज्यामुळे रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. मात्र इंग्रजांचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतकेच कसाचे व वजनाचे असेल, तर त्याला मनाई केली जाणार नाही.

या उत्तरात नाण्याची संपूर्ण मीमांसा सामावलेली आहे. नाणे राजाच्या हुकमाने चालत नाही, ते कसाने चालते. आणि कसाला कमी असलेले नाणे प्रजेच्या गळ्यात बांधणे हे राजाचे काम नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. त्याच वर्षी महाराजांनी स्वतःची नाणीही काढली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे देवनागरीत असत. ती अक्षरे रयतेच्या लिपीतील होती, आणि शिवराई पेशवाई संपल्यानंतरही दीर्घकाळ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत चालत राहिली.

बादशहाचा रोष

मुंबईच्या नाण्याची खरी परीक्षा पुढे झाली. कंपनी आणि मोगल यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मोगलांच्या बाजूने मुंबईवर चालून आला. शिवडीस उतरून त्याने माझगाव व माहीम हस्तगत केले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. शेवटी इंग्रजांना औरंगजेबाची क्षमा मागावी लागली आणि दीड लाख रुपये दंड भरावा लागला. १६९० मध्ये सिद्दी बेट सोडून गेला. आपल्या दोन बेटांची गाठ पडली ती अशी.

यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईहून फारसी अक्षरांत, परंतु इंग्लंडचा राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्या नावाने रुपये निघाले. भारतीय परंपरेत नाण्यावर नाव घालणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण मानले जाई. बादशहाच्या मुलखालगत परक्या राजाच्या नावाचा रुपया फारसीत निघावा, ही गोष्ट दरबाराला बंडासारखी वाटली. त्यातच सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले आणि तक्रारींत भर पडली.

इतिहासकार खाफीखान याला याच सुमारास मुंबईला जाण्याचा प्रसंग आला. इंग्रज अधिकाऱ्याशी झालेले संभाषण त्याने आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. राजाच्या नावाची नाणी का पाडता, या प्रश्नावर त्या अधिकाऱ्याने असे कारण दिले की, हिंदुस्थानच्या बादशहाची नाणी वजनात कमी व हिणकस येतात, बेटावर देवघेवीत त्यावरून तंटे होतात, म्हणून आम्ही आमच्या हद्दीपुरते आमचे नाणे काढले आहे. मोगल रुपया सामान्यतः उत्तम कसाचा म्हणून प्रसिद्ध होता. तेव्हा हे उत्तर कितपत खरे मानावे, याचा विचार वाचकांनीच करावा. तथापि बाजारात फिरून झिजलेल्या व कडा कातरलेल्या रुपयांवरून तंटे होत असणे अगदी शक्य आहे. खाफीखानाने आणखी एक मार्मिक नोंद केली आहे. सुपारी व नारळ यांवर मुख्यतः अवलंबून असलेले या बेटाचे उत्पन्न दोन-तीन लाखांपलीकडे जात नाही, असे तो म्हणतो. इतक्या अल्प उत्पन्नाचे बेट बादशहाशी नाण्यावरून वाद घालीत होते.

हा वाद मिटला तो इंग्रजांनी माघार घेतल्यावर. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने मुंबईच्या टांकसाळीला बादशाही छापाचे रुपये पाडण्याची परवानगी मिळाली. तेव्हापासून मुंबईच्या रुपयावर मोगल बादशहाचे नाव आणि टांकसाळीचे नाव फारसीत ‘मुंबई’ असे येऊ लागले. नाव बादशहाचे आणि नफा कंपनीचा, अशी ही तडजोड होती. राजाचे नाव सोडून देऊन कंपनीने बाजार मिळविला. किरकोळ नाण्यांवर मात्र इंग्रजी मुकुट व अक्षरे चालू राहिली. १७९१ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे यंत्रावर पाडून आणलेल्या मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजूचे चित्र असून त्यात ‘आदिल’, म्हणजे न्यायी, हा शब्द आहे. नाण्याने लोकांना काय पटवून द्यावयाचे असते, ते या चित्रात नेमके आले आहे.

जंजिऱ्याची टांकसाळ

आता दुसऱ्या बेटाकडे वळू. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दापासून हे नाव आले. मूळचा कोळ्यांचा मेढेकोट निजामशाहीच्या अमलात आला, तेथे दगडी किल्ला झाला आणि तो सांभाळण्यासाठी हबशी सरदार नेमले गेले. खडकी वसविणारा मलिक अंबर हा स्वतः हबशी होता, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचा उत्कर्ष त्याच्या काळाशी निगडित आहे. म्हणजे आपले शहर आणि ते समुद्रातील बेट यांचे धागे एकाच माणसापाशी येऊन मिळतात. निजामशाहीनंतर सिद्दींनी आदिलशाहीचे आणि १६७० नंतर मोगलांचे आधिपत्य मानले. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशवे यांनी प्रयत्न करूनही हा किल्ला जिंकला गेला नाही. सिद्दींच्या मुलखाला हबसाण म्हणत.

किल्ला अजिंक्य राहिला, टांकसाळ मात्र राहिली नाही. जंजिऱ्याच्या नबाबांची स्वतःची टांकसाळ होती. आरमाराचे वैभव ओसरल्यावर आणि मोगलांकडून मिळणारे साहाय्य बंद झाल्यावर राज्याचे उत्पन्न आटले. अशा वेळी लहान राज्याला टांकसाळ हे पैसा उभा करण्याचे सोपे साधन वाटू लागते. जंजिऱ्याहून हिणकस नाणी निघू लागली. १८३४ मध्ये इंग्रजांनी जंजिरा हे आपल्या सार्वभौमत्वाखालील संस्थान असल्याचे जाहीर केले आणि नाणी हिणकस असल्याच्या कारणावरून तेथील टांकसाळ बंद केली. ज्या किल्ल्याच्या तटाला तोफांनी भगदाड पाडता आले नाही, त्या राज्याचा सार्वभौमत्वाचा एक अधिकार नाण्यातील मिश्रधातूमुळे गेला. इंग्रजांना स्वतःचे एकच नाणे सर्वत्र चालवावयाचे होते, हा त्यातील स्वार्थ उघड आहे. परंतु त्यांच्या हाती कारण दिले ते नाण्याच्या घसरलेल्या कसाने, हेही तितकेच खरे.

हिणकस नाण्याचे गणित

हे गणित एका साध्या उदाहरणाने समजावून घेऊ. शंभर तोळे चांदीचे शंभर रुपये होतात असे धरा. त्याच चांदीत दहा तोळे तांबे मिसळले तर एकशे दहा रुपये पाडता येतात. पहिल्या दिवशी राज्याला दहा रुपये फुकट मिळाल्यासारखे वाटतात. परंतु सराफाच्या ध्यानात ही गोष्ट येण्यास वेळ लागत नाही. तो बट्टा कापू लागतो. मग ज्याच्याजवळ चांगले नाणे आहे तो ते घरात पुरून ठेवतो आणि हलके नाणे तेवढे बाजारात फिरविले जाते. यालाच अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम म्हणतात. व्यापारी भाव वाढवून आपली तूट भरून काढतो. सरकार सारा घेताना नाणे परखून घेते. उरतो तो शेतकरी आणि मजूर. त्याला मिळते ते हलके नाणे आणि द्यावे लागते ते भारी. राज्याने मिळविलेले दहा रुपये अखेर त्याच्याच पदरातून जातात. रायगडावरील उत्तरात रयतेच्या नुकसानीचा उल्लेख का आला, हे येथे उमगते.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडला म्हणून तो कलदार. हैदराबाद संस्थानाने मात्र आपले नाणे राखले. १८५७ च्या उठावानंतर त्यावरील मोगल बादशहाचे नाव गेले आणि हाली सिक्का सुरू झाला. शंभर कलदार रुपयांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा त्याचा प्रचलित भाव. सात हालींना सहा कलदार म्हणतात ते यावरूनच. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० च्या दशकात हाली चलनातून गेले आणि मराठवाड्यातील दुहेरी हिशेब संपुष्टात आला.

आपल्या गावातील नाणी

हा इतिहास केवळ संग्रहालयातच आहे असे नाही. विहीर खणताना, जुने घर पाडताना, नांगरताना नाण्यांनी भरलेले मडके सापडल्याचे आपण ऐकतो. बहुधा ती नाणी वाटून घेतली जातात आणि सोनाराच्या मुशीत जातात. हाती येतो तो केवळ धातूचा भाव. नष्ट होतो तो पुरावा. या पुराव्याचे मोल किती असते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपान या क्षत्रप राजाची सुमारे तेरा हजार चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा उमटविलेली होती. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला, या घटनेचा हा भक्कम पुरावा ठरला. ते मडके वितळले असते तर इतिहासाचे एक पानच वितळले असते.

या बाबतीत भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ काय सांगतो, हे सरपंच, सदस्य, तलाठी आणि शिक्षक यांनी जाणून घेणे आवश्यक आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती ज्याला सापडली त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख त्यात नमूद करावी लागते. माहिती दडविल्यास मिळावयाचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सापडले की सरकार सारे काही घेऊन जाते, हा समज बरोबर नाही. धन बेवारस ठरल्यास व वेगळा करार नसल्यास तीनचतुर्थांश भाग ते सापडणाऱ्यास आणि एकचतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. सरकारने ते संपादन केल्यास धातूची किंमत अधिक त्या किमतीचा एक पंचमांश इतकी रक्कम द्यावी लागते. ही तरतूद ग्रामसभेत वाचून दाखविली तर पुष्कळशी भीती नाहीशी होईल.

प्रत्यक्ष काळजी घेण्याच्या गोष्टी सोप्या आहेत. नाणी चिंच, लिंबू, राख किंवा आम्ल लावून घासू नयेत. त्यामुळे अक्षरे झिजतात. मडके व त्याचे तुकडेही जपून ठेवावेत. नाणी एकमेकांपासून वेगळी करण्याची घाई करू नये. सापडलेल्या जागेची व खोलीची नोंद करावी. शाळेत शिक्षकांना एक उपक्रम सहज घेता येईल. घरोघरी असलेली जुनी शिवराई, ढब्बू पैसा किंवा हाली सिक्का मुलांनी पालकांच्या परवानगीने आणावा, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा, वजन करावे, लिपी ओळखावी आणि नाणे घरी परत न्यावे. ठसे वर्गात राहतील आणि गावाचा एक छोटा नाणेसंग्रह कागदावर तयार होईल. अधिक अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्र संशोधनाची संस्था आहे, तसेच मुंबईत रिझर्व्ह बँकेने उभारलेले चलन संग्रहालय आहे.

मुंबईच्या टांकसाळीने परक्या बादशहाचे नाव पत्करले, पण वजन व कस सांभाळले आणि तिचा रुपया चालला. जंजिऱ्याच्या टांकसाळीचा कस घसरला आणि ती बंद पडली. दोन्ही बेटांच्या नाण्यांचा न्याय शेवटी केला तो बाजारातल्या सराफाने आणि त्याच्यासमोर बसलेल्या साध्या माणसाने. सार्वजनिक कामात असलेल्या आपणा सर्वांना या गोष्टीत विचार करण्याजोगे काही आहे. शासनाचा दाखला, पंचायतीचा ठराव, शाळेचे प्रमाणपत्र यांवरही एक छाप असते, आणि ती पाहूनच लोक पुन्हा तोलून न पाहता त्यांवर विश्वास ठेवतात. त्या छापेमागचा कस राखणे हे आपले काम होय.